उजळणी

उजळणी : अंक, पाढे आणि अपूर्णांकांची कोष्टके ठराविक चालीवर म्हणून मुखोद्गत करण्याची मराठी शाळांतील परंपरागत पद्धती. ‘उजळणे’ म्हणजे घासूनपुसून लख्ख करणे. त्यावरून पाठ केलेले पुन्हापुन्हा म्हणून ताजे ठेवणे, असा अर्थ रूढ झाला. ही कोष्टके ज्या लहान पुस्तिकेत छापलेली असत, तिलाही उजळणी किंवा अंकलिपी म्हणत. दिवेलागणीच्या वेळी मुलांकडून तीच मोठ्याने म्हणवून घेत, त्यास परवचा हे नाव होते.

मराठीत मोजणी शिकणाऱ्या मुलास पहिली अडचण संख्यानामांची येते. एक ते शंभर यांतील जवळजवळ प्रत्येक नाव स्वतंत्रपणे पाठ करावे लागते. ही नावे संस्कृतमधून प्राकृतमार्गे झिजत आली, त्यामुळे त्यांतील घटक सहज ओळखू येत नाहीत. ‘द्वाविंशति’चे बावीस झाले, पण तोच दोनाचा अंश बत्तीस, बेचाळीस, बाहत्तर, ब्याऐंशी यांत निरनिराळे रूप घेतो. पाढ्यातील ‘बे’ हेही संस्कृत ‘द्वे’चेच रूप; बोलण्यातील ‘दोन’ मात्र ‘दोण्णि’ या प्राकृत रूपावरून आला. एकोणीस, एकोणतीस ही नावे वजाबाकीने सिद्ध होतात (एक उणे वीस, एक उणे तीस). या रीतीने एकोणनव्वदपर्यंत गेल्यावर नव्याण्णवाला ती एकाएकी सुटते. शिवाय उच्चारात एकक आधी व दशक नंतर, तर लेखनात दशक आधी. म्हणून ‘पंचवीस’ ऐकून नवशिके मूल ५२ लिहिते, यात नवल नाही.

एकक आधी उच्चारण्याची रीत हिंदी, गुजराती, जर्मन इ. भाषांतही आहे, कन्नड व तेलुगू या शेजारच्या भाषांत दशक आधी येते. नॉर्वेत १९५१ मध्ये संसदेच्या निर्णयाने दशक आधी म्हणण्याची रीत अधिकृत झाली. दूरध्वनी क्रमांक सांगण्यातील सोय हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पॅसिफिक महासागरातील टोंगा बेटांची भाषा या बाबतीत फारच सुटसुटीत. तीत तीनास ‘तोलु’ व पाचास ‘निमा’ म्हणतात आणि ३५ साठी लिहिल्या क्रमाने ‘तोलु निमा’ एवढे म्हटले तरी चालते. अर्थात नारळ मोजण्यासाठी टोंगातही जोड्यांची व विसांची निराळी नावे होतीच. वस्तूगणिक मोजणी बदलणे हे सर्वत्र आढळते. अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या आसपासचा टापू जिराइती ज्वारीचा. अशा टापूत कडबा पेंढीवर न मोजता पाच पेंढ्यांच्या पाचुंद्यावर व शेकड्यावर मोजीत. आणि खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणत.

पंतोजींच्या शाळेत मूल ओनाम्यापासून सुरुवात करी. धुळाक्षरे गिरविण्यासाठी लाकडी पाटीवर धूळ पसरीत. तीवरच अंकही गिरविले जात. शंभरापर्यंतचे अंक झाले, की बेपासून तिसापर्यंतचे पाढे. ‘बे त्रिक सहा, बे चोक आठ’ यांतील त्रिक, चोक, पंचे, सक ही गुणकांची रूपे केवळ पाढ्यांपुरती राहिली आहेत. शंभरापुढील संख्यांसाठी पाढ्यांत आणखी एक जुनी तऱ्हा टिकली : पंधराच्या पाढ्यात १०५ ला ‘पाचोदरसे’, १२० ला ‘वीसासे’, १३५ ला ‘पस्तीसासे’ म्हणतात. ‘पाचोदरसे’ म्हणजे ‘पञ्चोत्तरशत’, शंभरावर पाच. व्यवहारातून गेलेली भाषा तोंडपाठाच्या तालामुळे शाबूत राहिल्याचे हे बोलके उदाहरण होय.

पाढ्यांनंतर अपूर्णांकांची कोष्टके येत आणि उजळणीचे खरे वैशिष्ट्य त्यांतच आहे. पावकी (१/४), निमकी (१/२), पाऊणकी (३/४), सवायकी (१ १/४), दिडकी (१ १/२), अडीचकी (२ १/२) आणि औटकी (३ १/२) ही ती कोष्टके. ‘औट’ हा शब्द ‘अर्धचतुर्थ’ म्हणजे चौथा अर्धा, यावरून आला. संतवाङ्मयात मनुष्यदेहाला औट हात म्हटले आहे तोच हा शब्द. या कोष्टकांची गरज मापांमुळे होती. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे चार पाव, पायलीचे चार शेर, मणाचे चाळीस शेर व खंडीचे वीस मण, अशी सारी व्यवस्था चार व वीस यांच्या पटीत बसविलेली होती. सोळाचे प्रमाण तर फार जुने. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (बारावे शतक) सोळा पणांचा द्रम्म व सोळा द्रम्मांचा निष्क असे कोष्टक दिले आहे. साडेतीन रुपये मणाने सात मणांची किंमत औटकी येणारा माणूस कागद न घेता साडेचोवीस अशी सांगे.

ही विद्या सर्वांना मिळत नव्हती. पंतोजींच्या शाळेत मुख्यतः ब्राह्मण व व्यापारी घरांतील मुले जात. कुणबी, कारागीर व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तिच्याबाहेर राहत, आणि मुली तर बहुतेक नसतच. याचा परिणाम देवघेवीत दिसे. धान्याचे कर्ज ‘सवाई’ किंवा ‘दिढी’ने मिळे. पेरणीला दिढीने नेलेले दोन मण सुगीला तीन होत. ते थकले, तर पुढील सुगीला साडेचार व त्यापुढे पावणेसात मण. दिडकी सावकाराच्या जिभेवर होती, अंगठा मात्र कुळाचा होता. केवळ निरक्षरतेमुळे शेतकरी कर्जबाजारी झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रोख शेतसारा, कापसाच्या भावातील घसरण व दिवाणी न्यायालयांची कार्यपद्धती ही कारणे अधिक मोठी होती. परंतु मोजणीच्या अज्ञानामुळे त्याला हिशेब तपासण्याचा मार्गच उरला नाही. पुणे जिल्ह्यातील सुपे येथे १२ मे १८७५ रोजी उसळलेला दंगा लवकरच नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत इ. तालुक्यांत पसरला. जमावाचा रोख प्रामुख्याने सावकारांकडील खते व रोखे यांवर होता. ती हाती आल्यावर जाळून टाकण्यात आली. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमाने शेतकऱ्यांचे दस्तऐवज अधिकाऱ्यासमोर लिहिणे आणि कर्जफेडीची पावती देणे या गोष्टींची तरतूद केली. महात्मा फुले यांनी हंटर आयोगाला १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचा आग्रह धरला, तो या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

इंग्रजी अमदानीत छापील पुस्तके आली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० नंतरच्या दशकात पाश्चात्त्य गणिताची मराठी पुस्तके सिद्ध केली. तथापि उजळणी सरकारी शाळांतही चालूच राहिली, कारण बाजारातील मापे बदलली नव्हती. ती बदलली १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आल्यावर व पाठोपाठ मेट्रिक वजनमापे लागू झाल्यावर. दशमान चिन्हाने औटकी-अडीचकीचे प्रयोजन संपले आणि ती हळूहळू अभ्यासातून गेली, पाढे राहिले.

संख्यानामांचा प्रश्न २०१९ मध्ये पुन्हा पुढे आला. त्या वर्षीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बालभारतीने एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी रूपे दिली. जोडाक्षरे व उलटा क्रम यांमुळे मुले गणिताला बिचकतात, अशी भूमिका गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मांडली. भाषेची मोडतोड होते, असा आक्षेप विरोधकांनी घेतला व विधानसभेतही त्यावर चर्चा झाली. जुनी नावे पुस्तकातून काढलेली नव्हती, ही गोष्ट वादात बरीचशी बाजूला पडली. पंचवीस पैशांचे नाणे जून २०११ अखेर चलनातून गेले आणि त्याबरोबर ‘पावली’ हा शब्दही मागे पडला. भाजीबाजारात मात्र अडीचशे ग्रॅमला अद्याप ‘पावशेर’ म्हणतात.