स्मार्ट चष्मा (सहाय्यक तंत्रज्ञान)

स्मार्ट चष्मा हे अंध व अल्पदृष्टी व्यक्तींनी वापरावयाचे एक सहाय्यक साधन आहे. चष्म्याच्या चौकटीत बसविलेला सूक्ष्म कॅमेरा समोरील दृश्य टिपतो. संगणकीय प्रणाली त्या दृश्यातील मजकूर, वस्तू, चेहरे किंवा अडथळे ओळखते आणि ती माहिती आवाजाच्या रूपाने वापरकर्त्यापर्यंत पोहोचविते. अल्पदृष्टी व्यक्तींसाठी तयार केलेल्या काही चष्म्यांत हीच प्रतिमा मोठी व ठळक करून डोळ्यांसमोरील पडद्यावर दाखविली जाते. या साधनाने गेलेली दृष्टी परत येत नाही. मराठी भाषकांच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता देवनागरी मजकूर किती अचूक वाचला जातो, यावर बरीच अवलंबून असते.

अंधत्व व अल्पदृष्टी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार, शक्य ती सर्व सुधारणा करूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असल्यास किंवा दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असल्यास ती व्यक्ती अंध मानली जाते. सामान्य डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसते ते पाहण्यासाठी ३ मीटर अंतरावर यावे लागणे, असा ३/६० चा अर्थ आहे. ६/१८ पासून ३/६० पर्यंतची दृष्टी किंवा ४० ते १० अंशांच्या दरम्यानचे दृष्टिक्षेत्र असल्यास ती अल्पदृष्टी होय. २०११ च्या जनगणनेत भारतात दृष्टिदोषामुळे अपंगत्व आलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली.

पार्श्वभूमी

छापील मजकूर वाचण्यासाठी अंध व्यक्तीला पूर्वी दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागे. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांची दृष्टी बालपणीच गेली होती. ते इतरांकडून ग्रंथ वाचून घेत. ब्रेल लिपीमुळे स्वतंत्र वाचन शक्य झाले. मुंबईत १९०० साली अंधांसाठी शाळा सुरू झाली. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारली गेली, तर १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था स्थापन झाली. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले.

ब्रेलमध्ये मात्र कोणीतरी आधी रूपांतरित केलेला मजकूरच वाचता येतो. वीजबिल, औषधाचे वेष्टन, दुकानाची पाटी किंवा पोस्टाने आलेले पत्र ब्रेलमध्ये नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी वाचनयंत्रे विकसित झाली. अमेरिकेत रे कुर्झवाइल यांनी १९७६ मध्ये छापील पान मोठ्याने वाचणारे यंत्र सादर केले. ते टेबलावर ठेवण्याजोगे अवजड यंत्र होते. पुढे हेच काम स्मार्टफोनवर आणि त्यानंतर चष्म्यावर आले.

कार्यपद्धती

स्मार्ट चष्म्याचे काम साधारणतः तीन टप्प्यांत चालते. कॅमेरा प्रथम प्रतिमा घेतो. त्यानंतर ओसीआर या नावाने ओळखले जाणारे अक्षरओळखीचे तंत्र प्रतिमेतील अक्षरे वेगळी करून त्यांचे संगणकीय मजकुरात रूपांतर करते. वस्तू व चेहरे ओळखण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली वापरतात. शेवटी हा मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखविला जातो. हा आवाज बहुधा कानाजवळील छोट्या ध्वनिवर्धकातून ऐकविला जातो. अंध व्यक्ती रहदारीचा अंदाज कानांनी घेत असल्यामुळे कान बंद न करणारी रचना महत्त्वाची ठरते.

काही उपकरणांत हे सर्व काम चौकटीतच होते, तर काहींत जोडलेल्या मोबाइलवर किंवा इंटरनेटद्वारे दूरच्या संगणकावर होते. चष्म्यामुळे हात मोकळे राहतात. एका हातात पांढरी काठी आणि दुसऱ्या हातात पिशवी असलेल्या व्यक्तीला मोबाइल हातात धरून पाटीवर रोखणे कठीण असते. चष्म्याचा मुख्य फायदा हाच आहे.

प्रमुख उपकरणे

इस्रायलमध्ये २०१० साली स्थापन झालेल्या ऑरकॅम या कंपनीचे मायआय हे उपकरण नेहमीच्या चष्म्याच्या दांडीवर बसविता येते. गूगल ग्लास हा चष्मा २०१३ मध्ये प्रथम निवडक ग्राहकांना मिळाला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीवर आधारित एन्व्हिजन ग्लासेस २०२० मध्ये आले. ते तयार करणारी नेदरलँड्समधील कंपनी कार्तिक महादेवन व कार्तिक कन्नन यांनी स्थापन केली आहे. बेंगळुरूच्या एसएचजी टेक्नॉलॉजीजने स्मार्ट व्हिजन ग्लासेस विकसित केले असून त्यांत मजकूर वाचणे, चेहरे ओळखणे आणि चालताना अडथळ्यांची सूचना देणे या सोयी आहेत. रे-बॅन मेटा हे सर्वसामान्य ग्राहकांसाठीचे चष्मे २०२३ मध्ये बाजारात आले आणि मे २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झाले. दृश्याचे वर्णन करण्याच्या सोयीमुळे अंध व्यक्तीही त्यांचा वापर करतात.

अल्पदृष्टी व्यक्तींसाठी कॅनडातील ईसाइट हे प्रतिमा मोठी करून दाखविणारे उपकरण प्रसिद्ध आहे. दृष्टिपटलाचा मध्यभाग बिघडलेल्या रुग्णांना अशा वर्धनाचा उपयोग होतो. काचबिंदूमुळे दृष्टिक्षेत्र अरुंद झालेल्यांना मात्र प्रतिमा मोठी केल्यास दृश्याचा आणखी थोडाच भाग दिसतो. त्यामुळे निवडीपूर्वी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक असते.

मराठी व देवनागरीचा प्रश्न

देवनागरीत शब्दातील अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असतात आणि मात्रा, वेलांट्या, उकार व अनुस्वार वर-खाली येतात. जोडाक्षरांत अक्षरांचे रूप बदलते. त्यामुळे अक्षरे सुटी करून ओळखणे रोमन लिपीच्या तुलनेत कठीण जाते. अनुस्वार निसटला किंवा ऱ्हस्व-दीर्घ बदलले, तर शब्दाचा अर्थ बदलू शकतो. 'ळ' आणि 'ऱ्य' यांसारखी हिंदीत न आढळणारी चिन्हे मराठीत असल्यामुळे केवळ हिंदीसाठी तयार केलेली प्रणाली मराठीला पुरेशी ठरत नाही. मजकूर बरोबर ओळखला, तरी तो हिंदी धाटणीच्या आवाजात वाचला गेल्यास ऐकणाऱ्याला समजण्यास त्रास होतो. हस्तलिखित व कोष्टकांतील मजकूर ही आणखी एक अडचण आहे. सातबारा उताऱ्यासारख्या कागदावर शेजारच्या रकान्यांतील नावे व आकडे एका ओळीत वाचले गेल्यास चुकीचा अर्थ निघतो.

ग्रामीण भागातील वापर

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीसारख्या तालुक्याच्या गावी दृष्टिबाधित व्यक्तीच्या वाचनाच्या गरजा मुख्यतः मराठी असतात. एसटीच्या गाडीची पाटी, तहसील कार्यालयातील सूचना, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, कापूस विकल्यानंतर मिळणारी काट्याची पावती ही त्यांची उदाहरणे होत. यांपैकी पावतीवरील वजन व रक्कम स्वतः वाचता येणे हा आर्थिक स्वायत्ततेचा भाग आहे. ती दुसऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून स्वीकारावी लागते, तेव्हा फसवणुकीची शक्यता राहते. चलनी नोटांसाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. ते इंटरनेटशिवाय चालते, त्यामुळे नोट ओळखण्यापुरती महागड्या चष्म्याची गरज भासत नाही.

इंटरनेटवर अवलंबून असलेले चष्मे मोबाइलचे जाळे क्षीण असलेल्या गावांत निरुपयोगी ठरू शकतात. तसेच प्रशिक्षण व दुरुस्तीच्या सोयी मोठ्या शहरांत एकवटलेल्या असतात.

भारतात २०१५–१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ५० वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या अंधत्वाचे प्रमुख कारण मोतीबिंदू आढळले. त्याचा वाटा ६६.२ टक्के होता. हे अंधत्व शस्त्रक्रियेने बहुधा दूर होते. अशा रुग्णांसाठी स्मार्ट चष्मा हा उपचाराचा पर्याय नाही. यवतमाळ येथील श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे या जिल्ह्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

कायदेशीर तरतुदी

दिव्यांगांना साधने पुरविण्यासाठी केंद्र शासनाची एडिप योजना १९८१ पासून राबविली जाते. दृष्टिबाधितांना सुलभ स्वरूपातील पुस्तके मिळावीत यासाठी २०१३ मध्ये माराकेश करार झाला. तो मंजूर करणारा भारत हा पहिला देश होता. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजीच्या निकालात डिजिटल सेवांची सुलभता हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले.

मर्यादा

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित वर्णन ओघवते असूनही चुकीचे असू शकते. डोळ्यांनी पडताळणी करता येत नसल्यामुळे ही चूक अंध वापरकर्त्याच्या लक्षात येणे कठीण असते; औषधाचे नाव, मात्रा किंवा रक्कम यांबाबत दुसऱ्या मार्गाने खात्री करणे इष्ट ठरते. जमिनीवरील खड्डे, उघडी गटारे व पायऱ्या यांची सूचना पांढरी काठी स्पर्शातून देते, म्हणून चष्मा काठीची जागा घेत नाही. अपुरा प्रकाश, हलते वाहन आणि संपलेली बॅटरी यांमुळेही वापरात खंड पडतो. कॅमेऱ्यात इतरांचे चेहरे व खासगी कागदपत्रे टिपली जात असल्यामुळे गोपनीयतेचा प्रश्न निर्माण होतो. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे.