लेखणी कोणाची, मोर्तब कोणाचे?

शासनाचा कारभार हा मुळात लेखी कारभार आहे, आणि लेखी कारभारात 'काय लिहिले' याइतकाच 'कोणी लिहिले आणि कोणी मान्य केले' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. आपल्या भाषेतील 'शिक्कामोर्तब' हा शब्द याच प्रश्नातून आला आहे. शिवकालीन राजपत्रांत शीर्षस्थानी मुद्रा असे आणि मजकूर संपला की अखेरीस मर्यादेचा छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब उमटवले जाई. त्यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, हा त्याचा अर्थ. पत्र सिद्ध करणारे चिटणिसाचे दप्तर वेगळे आणि त्यावर मोर्तब करणारी सत्ता वेगळी. मात्र लेखणी आणि शिक्का हे दोन्ही एकाच दरबारात, हाकेच्या अंतरावर असत.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शासनाने संकेतस्थळे उभारली, तेव्हा ही जुनी व्यवस्था काही काळ विस्कटली. मोर्तब कार्यालयाकडे राहिले, पण लेखणी संगणक जाणणाऱ्या तिसऱ्याच व्यक्तीच्या हाती गेली. ती परत कार्यालयाच्या टेबलावर कशी आली, निदान कशी येऊ शकते, याचा इतिहास म्हणजे संकेतस्थळावरील मजकूर सहज बदलता येण्याच्या साधनांचा इतिहास. विषय तांत्रिक वाटेल, पण तो प्रशासनाचा आहे. आणि दिल्ली, नोएडा, गुडगावपासून परदेशापर्यंत पसरलेल्या मराठी माणसाला तर तो अधिकच जवळचा आहे, कारण गावच्या तहसील कचेरीशी त्याचा पहिला संबंध आज बहुधा जिल्ह्याच्या संकेतस्थळावरूनच येतो.

गंमत अशी की वेबच्या जन्मकाळी ही अडचण नव्हतीच. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या अखेरीस जिनिव्हाजवळील 'सर्न' या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर तयार केला, तो केवळ वाचण्याचा नव्हता. त्याच खिडकीत पान वाचावे आणि तिथेच दुरुस्त करावे, अशी त्याची रचना होती. परंतु १९९३ साली आलेल्या आणि सर्वत्र पसरलेल्या 'मोझेक'मध्ये वाचन तेवढे उरले. वाचक आणि लेखक यांची फारकत तिथून झाली. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा आपल्याकडे आले ते हे फारकत झालेले वेब.

शासनात हे काम स्वाभाविकपणे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे आले. १९७६ साली स्थापन झालेल्या या संस्थेने १९८०च्या दशकातच उपग्रहाच्या साहाय्याने जिल्ह्यांची मुख्यालये दिल्लीशी जोडण्याचे काम हाती घेतले होते. मंत्रालयांची आणि जिल्ह्यांची सुरुवातीची संकेतस्थळे उभी राहिली ती प्रामुख्याने तिच्याच अभियंत्यांच्या हातून, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु पद्धत अशी होती की प्रत्येक पान एचटीएमएलच्या खुणांसह हाताने लिहायचे आणि फाईल सर्व्हरवर चढवायची. एखाद्या योजनेची मुदत वाढली की कार्यासनाने टिप्पणी ठेवायची, अवर सचिवांची मान्यता घ्यायची, मग संगणक कक्षाला पत्र, आणि तिथला माणूस मोकळा झाला की बदल. ज्या कार्यालयांनी खासगी पुरवठादाराकडून संकेतस्थळ करवून घेतले त्यांची अवस्था याहून बिकट. वार्षिक देखभालीचा करार संपला की संकेतस्थळ जिथल्या तिथे गोठत असे. माझ्या पाहण्यातील एका कार्यालयात निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळावर कित्येक महिने तसाच होता. आदेश काढणारे कार्यालय होते, क्रमांक ठाऊक होता, पण लेखणी हाती नव्हती.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात रोनाल्ड कोस यांनी १९६० च्या निबंधात मांडलेला मुद्दा दिसतो. एखादा व्यवहार घडवून आणण्याचा खर्च फार असेल, तर लाभदायक व्यवहारही घडत नाही. एका ओळीच्या दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार, अंदाजपत्रक आणि पाठपुरावा एवढा खर्च असेल, तर ती दुरुस्ती करण्यात कोणत्याच कार्यासनाला रस उरत नाही. न केल्याचा भुर्दंड मात्र पडतो तो शंभर ठिकाणी विखुरलेल्या नागरिकांवर. त्यांची रजा, त्यांचे रेल्वेचे भाडे, त्यांचा वाया गेलेला दिवस कार्यालयाच्या हिशेबात कुठेच लिहिला जात नाही. शिळ्या माहितीचे मूळ आळसापेक्षा या विषम हिशेबात अधिक आहे.

मराठीच्या बाबतीत आणखी एक भिंत होती, लिपीची. पुण्याच्या सी-डॅकने, जिची स्थापना १९८८ साली झाली, भारतीय लिपींसाठी मोठे काम केले. इनस्क्रिप्ट कळफलक आणि इस्की हे प्रमाणही त्याच काळातले. परंतु संकेतस्थळांवर अनेक वर्षे चलती राहिली ती ज्या त्या कंपनीच्या खासगी फॉन्टांची. तो फॉन्ट आपल्या संगणकात नसेल तर शासनाचे परिपत्रक म्हणजे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसे. शोधयंत्रालाही त्यातले काही कळत नसे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची, विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली, पण केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून अधिसूचित केले ते नोव्हेंबर २००९ मध्ये. तोपर्यंत मराठी पान दुरुस्त करायचे तर एचटीएमएल जाणणारा, तो विशिष्ट फॉन्ट बाळगणारा आणि त्याचा कळफलक येणारा असा तिहेरी गुणांचा माणूस हवा असे. असा माणूस तालुक्याच्या गावी कोठून मिळणार?

शासनाबाहेर मात्र लेखणी केव्हाच मोकळी झाली होती. वॉर्ड कनिंगहॅम यांनी मार्च १९९५ मध्ये पहिले 'विकी' सुरू केले. त्यात कोणीही वाचक पान बदलू शके. १९९९ साली 'ब्लॉगर' आले, २००१ साली 'ड्रुपल' मुक्तस्रोत म्हणून खुले झाले आणि २००३ साली 'वर्डप्रेस' आले. या सर्वांचे सूत्र एकच: मजकूर वेगळा आणि पानाची मांडणी वेगळी. लिहिणाऱ्याने चौकटीत लिहावे, पान सजवण्याचे काम यंत्राने करावे. मे २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. देशाबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर याहून आधी, १९९६ साली, 'मायबोली' हे संकेतस्थळ उभे केले होते. पुढे 'मायबोली', 'मनोगत' आणि 'मिसळपाव' ही तिन्ही मराठी संकेतस्थळे ड्रुपलवर चालली. ब्राउझरमध्येच देवनागरी टंकण्याची सोय मिळताच संगणकशास्त्राशी संबंध नसलेले हजारो लोक तिथे लिहू लागले. पुढे एनआयसीने मंत्रालयांसाठी मजकूर व्यवस्थापनाची जी चौकट तयार केली, ती याच ड्रुपलवर बेतलेली होती. म्हणजे आपल्या शासकीय कार्यासनाला जी लेखणी नंतर मिळाली, ती घराबाहेरचा मराठी माणूस आधीच वापरून मोकळा झाला होता!

शासनाला घाई झाली ती तंत्रज्ञानामुळे नव्हे, कायद्यामुळे. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर १७ प्रकारची माहिती १२० दिवसांत आपणहून प्रसिद्ध करण्याचे आणि पुढे दर वर्षी ती अद्ययावत ठेवण्याचे बंधन घातले. इंटरनेटचा उल्लेख कायद्यातच आहे, आणि माहिती देताना स्थानिक भाषा विचारात घ्यावी असेही म्हटले आहे. महाराष्ट्राने तर स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ सालीच केला होता. आता शिळे पान हे केवळ गैरसोयीचे राहिले नाही, ते कायद्याच्या पालनातील उणेपण ठरले. त्याच वर्षी, नोव्हेंबर २००५ मध्ये, भारताचे राष्ट्रीय पोर्टल सुरू झाले. देशभरातील विभागांची माहिती एका ठिकाणी आणायची आणि ताजी ठेवायची, तर ती दिल्लीतील मूठभर अभियंत्यांनी टंकत बसणे शक्यच नव्हते.

यानंतर २००९ साली एनआयसीने भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली आणि प्रशासकीय सुधारणा विभागाने ती केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धती पुस्तिकेत समाविष्ट केली. ही घटना मला या सर्व इतिहासातील सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण फाईल कशी चालवावी हे सांगणाऱ्या पुस्तिकेत संकेतस्थळ येऊन बसले, म्हणजे ते संगणक कक्षाचे न राहता कार्यालयाचे झाले. मजकूर कोणी द्यावा, कोणी तपासावा, कोणी मंजूर करावा, किती काळाने पुन्हा पाहावा आणि जुना मजकूर अभिलेखात केव्हा हलवावा, याची लिखित नीती प्रत्येक विभागाने ठरवावी असे त्यात सांगितले. संकेतस्थळाची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाकली. २०१९ आणि २०२३ साली या तत्त्वांच्या सुधारित आवृत्त्या आल्या.

साधनांनीही हीच उतरंड स्वीकारली. मजकूर लिहिणाऱ्याचा एक प्रवेश, तपासणाऱ्याचा दुसरा, प्रसिद्ध करणाऱ्याचा तिसरा. जी फाईल सहायकाकडून कक्ष अधिकाऱ्याकडे आणि तिथून अवर सचिवांकडे जाई, तिचीच ही पडद्यावरची प्रतिमा. २०१७-१८च्या सुमारास एनआयसीच्या 'एस-थ्री-वास' या तयार साच्यात जिल्ह्यांची संकेतस्थळे येऊ लागली. सुरक्षित, विस्तारक्षम आणि सुगम ही त्याच्या नावातील तीन विशेषणे. सातारा असो वा गडचिरोली, पानाची ठेवण सारखी, मराठी-इंग्रजीची सोय सारखी, सुरक्षेची काळजी केंद्रीय पातळीवर. जिल्ह्याने फक्त मजकूर द्यायचा. २०२० च्या टाळेबंदीत आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील जिल्हाधिकाऱ्यांचे आदेश दिवसागणिक बदलत होते. ज्यांचे आईवडील गावी आणि स्वतः दिल्लीत, त्यांच्यासाठी आदेश आज दिसणे आणि आठवड्याने दिसणे यांत किती अंतर होते, हे त्यांनाच विचारावे.

मग प्रश्न सुटला का? अर्धा सुटला. साधन सोपे झाले की त्याच्या पळवाटाही सोप्या होतात. पहिली पळवाट स्कॅन केलेल्या कागदाची. संगणकावर टंकलेला आदेश छापायचा, सही करायची, पुन्हा स्कॅन करून चढवायचा. लिपी युनिकोड असूनही वाचकाच्या हाती येते ते चित्र. ते शोधता येत नाही, आणि अंध व्यक्तीच्या वाचन-यंत्राला उच्चारता येत नाही. दुसरी पळवाट तारखेची. पानाच्या तळाशी 'शेवटचे अद्ययावत' म्हणून जी तारीख दिसते ती बहुधा संपूर्ण संकेतस्थळाची असते. काल एक निविदा चढवली की पाच वर्षांपूर्वीचे संपर्काचे पानही कालचेच वाटते. तिसरी पळवाट सर्वांत घातक: तिन्ही प्रवेशांचे सांकेतिक शब्द एकाच कंत्राटी संगणक-चालकाकडे सोपवून मोकळे होणे. मग लेखणीही त्याची आणि मोर्तबही त्याचेच. उतरंड केवळ पडद्यावर उरते.

उलट, एक चांगला नमुना आपल्या महाराष्ट्रातच आहे. राज्याच्या शासन निर्णयाच्या अखेरीस तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे सांगून त्याचा संगणक संकेतांक दिलेला असतो. त्या लांबलचक अंकाची सुरुवातच वर्ष, महिना आणि दिवस यांनी होते. डिजिटल स्वाक्षरीने तो साक्षांकित केला जातो. इथे प्रसिद्धी हा आदेशाचाच भाग झाला आहे, आदेशानंतर कधीतरी करायचे उपकाम नव्हे. मुंबईतल्या मंत्रालयात निघालेला निर्णय करोलबागेत बसलेला निवृत्त शिक्षक त्याच अंकाने शोधून काढू शकतो. जुन्या राजपत्राच्या मोर्तबाचे काम हा संकेतांक करतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

या इतिहासावरून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, कोणताही आदेश 'निर्गमित' मानण्यापूर्वी त्याचा शोधता येण्याजोगा मजकूर संकेतस्थळावर चढलेला असावा. दोन, प्रत्येक पानावर त्या पानाची स्वतःची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असावे. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाला 'इतिहास' असतो, कोणी केव्हा काय बदलले हे तिथे कोणालाही पाहता येते. शासनाच्या पानाला तो का नसावा? आपली टिप्पणीची पद्धत तरी दुसरे काय करते? तीन, प्रशिक्षण संगणक-चालकाला नव्हे, विषय हाताळणाऱ्या कारकुनाला आणि त्याच्या वरिष्ठाला द्यावे. साधन आता इतके सोपे आहे की एका दुपारचे काम पुरेल.

एचटीएमएल येत नाही ही सबब आता उरलेली नाही, लिपीचीही उरलेली नाही. लेखणी कार्यालयाच्या टेबलावर ठेवली गेली आहे. ती उचलणे हे कौशल्याचे नव्हे, कर्तव्याचे काम आहे. वाचकांनीही एक करावे. गावच्या कचेरीचे चुकीचे किंवा शिळे पान दिसले, तर हळहळून पुढे जाऊ नये. पान आणि तारीख नमूद करून त्या जिल्ह्याला दोन ओळी अवश्य लिहाव्यात. वाया गेलेल्या दिवसाचा जो हिशेब कार्यालयाच्या वहीत चढत नाही, तो निदान त्या दोन ओळींमुळे तरी चढेल.