मूत्रपिंड प्रत्यारोपण आणि प्रतिकारशक्तीचे वार्धक्य
वाढत्या वयाबरोबर रोगप्रतिकारक यंत्रणेचा होणारा ऱ्हास म्हणजे प्रतिकारशक्तीचे वार्धक्य होय. मूत्रपिंडे निकामी झालेल्या, प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील रुग्णांत ते अकाली येते. रक्तात साचणारी विषारी द्रव्ये व शरीरातील सततचा दाह ही त्याची प्रमुख कारणे आहेत. छातीतील थायमस ग्रंथीतून नव्या टी-पेशी कमी येतात आणि जुन्या, वारंवार विभाजन झालेल्या पेशींचे प्रमाण वाढते. परिणामी संसर्ग बळावतात, तसेच लसींचा प्रभाव मंदावतो. म्हणूनच डायलिसिसवरील प्रौढांना हिपॅटायटिस-बी लसीची मात्रा सामान्यतः दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, देतात. प्रत्यारोपणानंतरही हे वार्धक्य पूर्णपणे ओसरत नाही. त्यात नवे मूत्रपिंड टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात. म्हणून आवश्यक लसीकरण प्रत्यारोपणापूर्वीच पूर्ण करणे हितावह ठरते.