शिल्लक रजा

सरकारी नोकराला तुम्ही काहीही म्हणा, तो रागावत नाही. रागवायलाही वरिष्ठांची परवानगी लागते अशी त्याची समजूत असते. पण ‘तुम्हाला काय बुवा, सुट्ट्याच सुट्ट्या!’ एवढे एक वाक्य त्याच्यासमोर टाकून पाहा. मेलेली फाईलसुद्धा टेबलावर उठून बसेल!

रिसोडला एका सरकारी कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो तो १९७६ साली. तेव्हा रिसोड अकोला जिल्ह्यात होते; वाशिम जिल्हा व्हायला १९९८ चा जुलै उजाडावा लागला. नोकरी लागली म्हणून घरी सांगायला गेलो, तर आमच्या बाबांनी पगाराच्या आधी सुट्ट्या विचारल्या. मी मोठ्या ऐटीत बोटे मोडायला सुरुवात केली. रविवार, सणवार, किरकोळ रजा, अर्जित रजा, आजारपणाची रजा... हाताची बोटे संपली तेव्हा बाबांनी गोठ्याकडे नजर टाकली आणि म्हणाले, “आपल्या बैलाले वर्षातून एकच भेटते लेका. पोळ्याची.” मग जरा थांबून, “पन त्याले अर्ज नाही करा लागत.”

मंडळी, सुट्ट्यांच्या भांडणाचा सगळा इतिहास बाबांच्या ह्या दुसऱ्या वाक्यात आहे. बैलाला आदल्या दिवशी जेवणाचे आवतण असते, त्याचे खांदे शेकले जातात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. कारण काय, पत्ता काय, परत कधी येणार, असे त्याला कोणी विचारत नाही. आम्हाला मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ आहेत. तीनशे दिवसांपर्यंत अर्जित रजा साठवण्याची सोय त्यांत पुढे झाली खरी. पण रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हेही त्याच नियमांत लिहिलेले आहे. म्हणजे रजा तुमची, खाते तुमचे, मालकी साहेबांची! आणि सार्वजनिक सुट्टीचे तरी काय? दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिदिनाची, २ ऑगस्टची सुट्टी बंद झाली म्हणून तिथले लोक मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. २०२२ साली न्यायालयाने सांगितले की सार्वजनिक सुट्टी हा काही मूलभूत हक्क नव्हे.

रविवार तरी आपला बापजाद्यांचा, असे वाटते ना? तोसुद्धा गिरणी कामगारांनी भांडून मिळवलेला. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याच्या सुट्टीसाठी सभा घेत होते, सह्या गोळा करीत होते. मालकांनी रविवार कबूल केला तो १० जून १८९० रोजी. एका रविवारासाठी सहा वर्षे! आपण तो पेपर वाचण्यात आणि दुपारच्या झोपेत घालवतो.

माझ्या वाट्याला सर्वांत मोठी सुट्टी आली ती संपामुळे. १४ डिसेंबर १९७७ ला राज्यातले सरकारी कर्मचारी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संपावर गेले. र. ग. कर्णिक पुढारी, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री. संप ५ फेब्रुवारी १९७८ ला मिटला. चोपन्न दिवस! पहिले चार दिवस आम्ही कचेरीसमोरच्या लिंबाखाली घोषणा दिल्या. पाचव्या दिवशी बाबांनी निरोप धाडला, “रिकामा हाये तं कापूस येचाले ये.” त्या हंगामात पऱ्हाटीत मी वाकलो होतो आणि बाबा बांधावर बसून पान खात होते. मी बिनपगारी होतो, बाबा पगारी रजेवर! संक्रांतीचा तीळगूळ आमच्याकडे वाण्याच्या उधारीवर झाला. सुट्टी गोड लागते ती पगारामुळे, हे ज्ञान मला तेव्हा झाले.

पुढे मागणी निघाली पाच दिवसांच्या आठवड्याची. केंद्राच्या कचेऱ्यांना तो १९८५ मध्येच मिळाला होता. आम्हाला दुसरा आणि चौथा एवढेच शनिवार. मी ह्या मागणीसाठी द्वारसभांत घसा कोरडा केला, काळ्या फिती लावल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झालो. मग २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारने सगळे शनिवार दिले! पण सरकार कधी फुकट देते का? रोजचे काम पंचेचाळीस मिनिटांनी वाढवले. आधी वर्षाला २८८ दिवस आणि २,०८८ तास काम होते, ते आता २६४ दिवस आणि २,११२ तास झाले. चोवीस दिवस सुट्टी घेऊन चोवीस तास जास्त काम! हा हिशेब ज्याने केला त्याला वाण्याच्या दुकानी ठेवावा. आणि तीन आठवड्यांत करोनाने गावच बंद केले. आम्ही पाच दिवसांचा आठवडा मागितला होता. काही दिवस तर आठवड्याला दिवसच उरले नाहीत.

२०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी पुन्हा संप झाला, १४ ते २० तारखेपर्यंत. तो मिटला, पण ते सात दिवस कुठे लिहायचे ह्याचा घोळ राहिला. शेवटी ते रजेच्या खात्यात गेले. भांडणसुद्धा आमच्याकडे रजा टाकूनच करावे लागते!

मध्यंतरी पेन्शनच्या एका कागदासाठी मी कचेरीत गेलो. दाराला कुलूप. शनिवार! ज्या शनिवारासाठी आयुष्यभर ओरडलो, तोच माझ्यासमोर कुलूप होऊन लटकत होता. पायरीवर एक म्हातारे शेतमजूर बसले होते. खेड्यावरून पहिल्या एस.टी.ने आलेले.

“काऊन बंद हाये साहेब?”

“सुट्टी आहे बाबाजी.”

“पगार भेटते का सुट्टीचा?”

“भेटतो.”

“बरं हाये,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “माहा खाडा झाला आजचा. सोमवारी अजून एक.”

चार पिढ्यांनी भांडून सुट्टी मिळवली, ती योग्यच मिळवली, असे मी आजही म्हणतो. पण त्या सगळ्या हिशेबात ह्या म्हाताऱ्याचे दोन दिवस कोणाच्याच बाजूला लिहिलेले नव्हते. सरकारच्याही नाही आणि आमच्या संघटनेच्याही नाही.

घरी येऊन हे सारे बायकोला सांगितले. ती तांदूळ निवडत होती. निवृत्त होताना माझी तीनशे दिवसांची अर्जित रजा शिल्लक होती. तिचे पैसे मिळाले, त्यातून घराचा स्लॅब पडला. ह्या रजेचा मला फार अभिमान. दर वर्षी ती म्हणे, चार दिवस काढा, माहूरला जाऊन येऊ. दर वर्षी मी म्हणे, रजा मोडायची नाही, साठवायची असते. आता माहूरच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नाहीत.

“त्या तीनशेतले चार दिवस परत नाही का हो घेता येत?” सुपातून मान वर न करता तिने विचारले.

सदतीस वर्षे कारकुनी केलेला माणूस मी. चटकन तोंडातून गेले, “नियमात तशी तरतूद नाही.”