तीन स्ट्रासबुर्ग : रशियातून आलेल्या एका जर्मन शेतकऱ्याचे घराणे

स्थलांतर म्हणजे काय, हे आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको. घरदार मागे राहते, भाषा तेवढी सोबत येते, आणि पुढे नातवंडांना तीही परकी वाटू लागते. आपल्याहून सर्वस्वी भिन्न असूनही याच अनुभवातून दोनदा गेलेल्या एका शेतकरी घराण्याचा इतिहास येथे थोडक्यात देत आहे. हे वेल्क घराणे भाषेने जर्मन व धर्माने रोमन कॅथलिक होते. त्याच्या कित्येक पिढ्या रशियात गेल्या आणि अखेर ते अमेरिकेत स्थिरावले.

या कथेचा आरंभ रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिच्यापासून होतो. पडीक भूमी लागवडीस आणण्यासाठी तिने परदेशीयांना आमंत्रण दिले. १७६२ च्या डिसेंबरातील तिच्या पहिल्या जाहीरनाम्यात सर्वांना मुभा होती. अपवाद केवळ यहुद्यांचा होता, हे आपण ध्यानात ठेवावे. २२ जुलै १७६३ च्या दुसऱ्या जाहीरनाम्याने धर्मस्वातंत्र्य, करमाफी, गावकारभाराचा अधिकार आणि लष्करी सेवेतून कायमची सूट अशी आश्वासने दिली. प्रथम व्होल्गा नदीकाठी वसाहती झाल्या. पुढे कॅथरिनचा नातू पहिला अलेक्झांडर याने १८०४ पासून काळ्या समुद्राच्या उत्तरेस शेतकरी व कारागीर बोलाविले.

त्या सुमारास नेपोलियनच्या युद्धांनी आल्सेस प्रांतातील शेतकरी त्रस्त झाला होता. १८०८ साली मोरिट्झ व मॅग्डालेना वेल्क हे दांपत्य तेथून निघून आज युक्रेनमध्ये असलेल्या प्रदेशात गेले. त्याच वर्षी ओडेसाच्या वायव्येस कुचुर्गान नदीच्या परिसरात कॅथलिक जर्मनांची गावे वसली. झेल्ट्स, कांडेल, बाडेन, मानहाइम, एल्सास, स्ट्रासबुर्ग ही सारी नावे त्यांनी मायदेशातूनच आणली होती. गवताळ मैदानात लाकूड दुर्मिळ होते. तेव्हा माती व पेंढा कालवून उन्हात वाळविलेल्या विटांची घरे त्यांनी बांधली आणि शेणाच्या गोवऱ्यांवर चुली पेटविल्या. घरात जर्मन, देवळात जर्मन, शाळेतही जर्मन, अशा रीतीने पिढ्यामागून पिढ्या गेल्या.

परंतु 'कायमची' म्हणून दिलेली वचने जेमतेम शतकभर टिकली. १८७१ मध्ये वसाहतवाल्यांचे विशेष अधिकार काढून घेण्यात आले आणि १८७४ पासून त्यांच्या मुलांनाही सक्तीची लष्करी भरती लागू झाली. कुटुंबे वाढत गेली, जमीन मात्र वाढली नाही. भूमिहीन तरुणांची संख्या फुगू लागली. तिकडे अमेरिकेत १८६२ च्या कायद्यान्वये, पाच वर्षे वस्ती करून शेती कसणाऱ्यास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. लोक पुन्हा निघाले.

१८९२ साली मोरिट्झचा वंशज लुडविग वेल्क आपली पत्नी क्रिस्टियाना हिच्यासह ओडेसा भागातून अमेरिकेस गेला. नॉर्थ डाकोटातील त्यांचा पहिला हिवाळा उलट्या केलेल्या गाडीखाली, वरून गवताळ मातीची ढेकळे रचून काढलेल्या आसऱ्यात गेला. पुढे लुडविगने घर बांधले ते त्याच उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांचे! तो शेतकरी होता, तसाच लोहारकामही जाणणारा होता. आसपासची वस्ती त्याच्याच देशबांधवांची होती. त्यांनी जवळच्या गावास नाव दिले स्ट्रासबुर्ग. आल्सेसमधील एक, रशियातील दुसरे आणि डाकोटातील हे तिसरे.

लुडविग अकॉर्डियन वाजवीत असे. त्याच्या आठ मुलांपैकी सहावा लॉरेन्स, जन्म ११ मार्च १९०३. चौथ्या इयत्तेतच शाळा सोडून तो शेतावर राबू लागला, पण वाद्याचे वेड त्याला सोडीना. त्याने वडिलांपुढे एक करार मांडला : चारशे डॉलरचे अकॉर्डियन घेऊन द्यावे, त्याबदली वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत आपण शेतावर राबू आणि बाहेर मिळविलेला पैही घरात देऊ. चारशे डॉलर ही त्या शेतकऱ्यास लहान रक्कम नव्हती. तरीही त्याने ती दिली. मुलाने शब्द पाळला, आणि एकविसाव्या वाढदिवशी त्याने घर सोडले. ज्या जमिनीसाठी पूर्वजांनी दोनदा देश सोडला होता, तीच सोडून मुलगा निघाला; पित्याच्या मनास काय वाटले असेल, याची कल्पना आपल्यातील वडीलधाऱ्यांस सहज करता येईल. त्याला त्या वेळी इंग्रजी धड बोलता येत नव्हते. हाच लॉरेन्स वेल्क पुढे वाद्यवृंदाचा नायक म्हणून विख्यात झाला. १९५५ ते १९८२ पर्यंत त्याचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून देशभर दिसत असे. त्याच्या इंग्रजीत घरच्या जर्मनची ढब अखेरपर्यंत राहिली. १९९२ मध्ये तो निवर्तला.

मागे राहिलेल्यांचे काय झाले? क्रांतीनंतर त्यांच्या जमिनी गेल्या आणि दुष्काळाने माणसे मेली. १९४१ मध्ये स्टालिनने व्होल्गाकाठच्या जर्मनांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. ओडेसाकडील गावे मात्र त्याच वर्षी जर्मन व रुमानियन सैन्याच्या हाती पडली. येथे एक कटू सत्य सांगणे प्राप्त आहे. त्या भागातील जर्मन वसाहतींमधून एसएसने उभारलेल्या पथकांनी १९४१-४२ मध्ये हजारो यहुद्यांची हत्या केली. १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या सैन्याबरोबर हे गावकरी पोलंडकडे गेले आणि युद्धानंतर त्यांतील अनेकांना सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परत नेऊन पूर्वेस धाडले. गावांची नावेही पुसली गेली. रशियातील ते स्ट्रासबुर्ग आज कुचुर्हान म्हणून ओळखले जाते. ज्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच देश सोडला होता, ते या यातनांपासून वाचले आणि या पापापासूनही दूर राहिले.

लुडविगचे मातीचे घर अद्याप उभे आहे. २०१५ मध्ये नॉर्थ डाकोटा राज्याच्या इतिहास संस्थेने ते जतनासाठी विकत घेतले. सम्राज्ञीची सनद राहिली नाही; वीट थापण्याची विद्या आणि घरची बोली मात्र दोन समुद्र ओलांडून तेथवर पोहोचली. आपल्या घरांतही अशा पुष्कळ गोष्टी वृद्धांच्या मुखी आहेत. त्या आजच विचारून, लिहून ठेवाव्यात, एवढीच वाचकांस विनंती.