तार आली!

जुन्या दिवसांतल्या कोणत्या गोष्टीची आठवण येते, असं कुणालाही विचारून बघा. शाईचं पेन, रेडिओवरचं बिनाका गीतमाला, पंधरा पैशांचं पोस्टकार्ड ही नावं येतातच. हल्ली त्यांच्या जोडीला तारही असते. मला याचं नवल वाटतं. आमच्या लहानपणी तार कुणालाच नको असायची. 14 जुलै 2013 या रविवारी देशातली तारसेवा थांबली, तेव्हा मोठ्या शहरांतल्या तार कचेऱ्यांत रांगा लागल्या. त्यातल्या कितीतरी तरुणांनी आयुष्यातली पहिली तार त्या दिवशी पाठवली, आणि शेवटचीही.

माझं बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात गेलं. मोहल्ल्यातले निम्मे पुरुष मुंबईत, नाहीतर बोटीवर, नाहीतर आखातात. तारेचा मजकूर बहुधा इंग्रजी, आणि मोहल्ल्यात तो वाचणारे एकटे हेडमास्तर. ते चष्मा पुसत येईपर्यंत इकडे रडारड सुरू झालेली असायची. आमचा पोस्टमन मात्र शहाणा. पोस्टमास्तरांकडून मजकूर समजून घ्यायचा आणि बातमी चांगली असली की लांबूनच ओरडायचा, "भाभी, खुशीची तार आहे हो!" तो न ओरडता आला की बायका ओटीवरून उठून उभ्या राहायच्या.

या तारेचा हिंदुस्थानातला जनक एक डॉक्टर होता. विल्यम ओ'शॉनेसी त्याचं नाव. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. 1839 मध्ये त्याने तारेचे प्रयोग केले, पण कंपनी सरकारला त्याचं महत्त्व कळायला दहा-अकरा वर्षं गेली. 1850-51 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली लाइन झाली. मग लॉर्ड डलहौसीने जोर लावला आणि पाच-सहा वर्षांत आग्रा, मुंबई, मद्रास एकमेकांना जोडले गेले. ही सोय काही आपल्या सुखदुःखासाठी नव्हती, राज्य सांभाळण्यासाठी होती. 11 मे 1857 ला दिल्लीच्या तार कचेरीतून अंबाल्याला उठावाची खबर गेली आणि पंजाबातले इंग्रज सावध झाले. त्या तारबाबूंचं स्मारक दिल्लीत काश्मिरी गेटजवळ आहे. 1885 चा टेलिग्राफ कायदा तर तारेपेक्षा जास्त जगला! तार बंद झाल्यावरही सरकार फोन ऐकायचं ते त्याच कायद्याच्या आधाराने; त्याच्या जागी नवा कायदा संसदेने 2023 मध्ये केला.

तारेचे पैसे शब्दांवर. त्यामुळे भलेभले मोजून बोलायला शिकले. स्वातंत्र्यानंतर देवनागरीतूनही तारा पाठवण्याची सोय झाली, तेव्हा मराठीचा एक फायदा झाला. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, इंग्रजीला जिथे दोन-तीन शब्द लागतात तिथे आपलं एका शब्दात भागतं. कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला या काटकसरीचं कौतुक वाटतं. शुभेच्छांच्या तारेला तर शब्दही लागत नसत, ठरलेले आकडे होते. एक म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, दोन म्हणजे ईद मुबारक, आठ म्हणजे नवदांपत्याला सुखी संसाराच्या शुभेच्छा. आकडा लिहायचा, पलीकडे रंगीत कागदावर पूर्ण वाक्य उमटायचं. अब्बांचे चिपळूणचे एक व्यापारी स्नेही दरवर्षी दोन नंबर पाठवत, अब्बा त्यांना एक नंबर.

पण तारेचं खरं काम मरणाचंच. ज्याच्या नावाने तारेची लिपी ओळखली जाते तो सॅम्युअल मोर्स मुळात चित्रकार. 1825 मध्ये तो वॉशिंग्टनला एक चित्र काढत होता. घरी, न्यू हेवनला, बायको वारली. पत्र पोहोचून हा घरी येईपर्यंत तिला पुरलंही होतं. पुढे तो तारेच्या मागे लागला.

आमच्याकडे तार होती तरी तेच झालं. 1979 मध्ये आजोबा पहाटे गेले. चुलते मुंबईला गोदीत कामाला. 'फादर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली' अशी तार गेली. माणूस गेलेला असला तरी 'सीरियस'च लिहायची रीत होती, वाटेत धीर सुटू नये म्हणून. तार त्यांच्या हातात संध्याकाळी पडली. कोकण रेल्वे अजून वीसेक वर्षं लांब होती. रात्रीची एसटी धरून ते दुसऱ्या दिवशी दुपारी उतरले. आमच्यात दफन लांबवत नाहीत. आदल्या दिवशी असरच्या नमाजनंतर सगळं उरकलं होतं. स्टँडवर कुणीतरी सलाम केला, पण नजर वळवली. चुलते घरी न येता पिशवीसकट थेट कबरस्तानात गेले.

आता गावात कुणी गेलं तर कुवेत-दोह्याला पाच मिनिटांत कळतं. विमान मिळालं तर मुलगा येतो, नाहीतर जनाजा मोबाइलवर बघतो. कुणी तारेची आठवण काढून उसासा टाकला की मला चुलत्यांची ती पिशवी दिसते. तार पुन्हा सुरू व्हावी असं त्यांना कधीच वाटलं नसतं.