वकिलाने मागितलेली हमी

रोजगार हमी म्हटलं की आमच्या घरातल्या तरुण मंडळींना २००५ चा दिल्लीचा कायदा आठवतो. पुतण्या परवा फोनवर तसंच म्हणाला. त्याला म्हटलं, अरे, हे रोप आपल्या सांगली जिल्ह्यातलं. लावलं एका वकिलाने.

ते वि. स. पागे. स्वातंत्र्यचळवळीतून आलेले, गांधीविचारांचे, संतसाहित्यात रमणारे. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापती म्हणजे इतरांना बोलू देणारा माणूस, स्वतः भाषणं ठोकणारा नव्हे. पण पागे मुख्यमंत्री वसंतराव नाईकांच्या मागे लागले आणि तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात योजनेचा पहिला प्रयोग झाला.

मग १९७२ चा दुष्काळ आला. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांच्या रांगा आणि ती सुकडी माझ्या वयाच्या कुणीही विसरलेलं नाही. दुष्काळी कामं पूर्वीही निघत, पण सरकारने दुष्काळ जाहीर केला तर! म्हणजे सगळा मेहेरबानीचा मामला. पागेंच्यातला वकील इथे दिसतो. १९७७ च्या कायद्याने ग्रामीण भागातल्या, अंगमेहनतीला तयार असलेल्या प्रौढ माणसाला काम मागण्याचा हक्क दिला. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशी कामं निघाली. बाईला आणि पुरुषाला एकाच कामाचा एकच दर, हेही त्या काळात लहान नव्हतं.

आता पैशाचं. शहरातल्या नि नोकरीतल्या लोकांनी खेड्यातल्या मजुराचा भार उचलावा म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावर पगाराच्या दिवशी हमखास कुरकुर व्हायची. मला तो कर कधी जड वाटला नाही.

सगळं गोड होतं असं नाही. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी भरपूर झाल्या. बेकारी भत्ता तर क्वचितच कुणाच्या हाती पडला; हक्क कागदावर असला तरी तलाठ्यापुढे तो मागायचा कसा, हे मजुराला कोण शिकवणार? सावकाराकडे आणि जमीनदाराकडे न जाता मजुरी मिळते, एवढं मात्र लोकांना कळलं होतं.

पागे १९९० साली गेले. माझ्या पगारातून व्यवसाय कर निवृत्तीपर्यंत कापला जात होता.